पावलावर उमटलेले ताट

पुसेगाव म्हटले की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना साताऱ्याकडचे, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव आठवते. इथे विषय आहे तो हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावाच्या मुलखाचा. काळ्या मातीचा आणि कोरडवाहू शेतीचा हा मुलूख नर्सी नामदेव आणि औंढा नागनाथ या क्षेत्रांच्या शेजारचा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो निजामाच्या राज्यात होता, पुढे परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९९९ ला हिंगोली जिल्ह्यात आला. राज्ये आणि जिल्हे बदलले, तरी या पट्ट्यातल्या माणसाचे मुख्य अन्न गेल्या पिढीपर्यंत एकच होते, ते म्हणजे ज्वारी. सकाळची न्याहारी भाकरीची, दुपारची शिदोरी भाकरीची, आजारी माणसाला आंबील आणि तंगीच्या दिवसांत कण्या. या लेखाचे म्हणणे असे की, ज्वारी खाणाऱ्या दख्खनमधला गरीब मजूर काय खात होता आणि त्याला काय मिळत नव्हते, याचा एक पुरावा त्याच्या पायाच्या कातडीवर उमटत असे, आणि हा पुरावा वाचायला आपण फार उशीर केला.

पायाचा रंग बदलण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यातली बरीचशी साधी आहेत. अनवाणी चालणाऱ्याचे पाऊल उन्हाने रापते. वहाण घालणाऱ्याच्या पावलावर पट्ट्याखालची कातडी उजळ राहते आणि बाकीची काळवंडते. पावसाळ्यात चिखलात राबणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तिथली कातडी आधी पांढरी पडते आणि बरी झाल्यावर काळा डाग ठेवून जाते. पायाच्या शिरा फुगलेल्या माणसाच्या घोट्याजवळ तपकिरी छटा येते, कारण शिरांतून झिरपलेल्या रक्तातले लोह तिथे साचते. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो, पण त्याला स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो आणि त्यात संवेदना कमी झालेली असते. रबरी चपला आल्यानंतर रबरातल्या काही रसायनांमुळे पट्ट्याच्या आकाराचे पांढरे डाग पडल्याचेही त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले आहे. पण या यादीत एक कारण असे आहे की जे ऊन, चिखल किंवा जंतू यांपैकी कोणाच्याही एकट्याच्या माथी मारता येत नाही. त्याचे नाव पेलाग्रा.

पेलाग्राचा डाग ओळखू येतो तो त्याच्या जोडीने येण्यावरून. दोन्ही पावलांच्या वरच्या अंगावर, नडगीच्या खालच्या भागावर, दोन्ही हातांच्या पाठीवर आणि पुष्कळदा गळ्याभोवती, म्हणजे ऊन लागते तिथे, कातडी आधी भाजल्यासारखी लाल होते, मग गडद तपकिरी किंवा काळी पडते, जाड होते, तडकते आणि सोलते. डागाची कड रेखीव असते, तळवा बहुधा सुटतो. पुढे जीभ लालभडक होते, तोंड येते, जुलाब लागतात, झोप उडते, माणूस उदास किंवा भ्रमिष्ट होतो, आणि उपचार नाही झाले तर मरतो. कारण आहे नियासिन या जीवनसत्त्वाचा तुटवडा. शरीर हे जीवनसत्त्व अन्नातून घेते आणि प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून स्वतःही बनवते. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नियासिन, असा हा हिशेब. दोन्ही वाटा आटल्या की पहिल्यांदा बोलते ती उन्हातली कातडी.

युरोप-अमेरिकेत हा रोग मक्याच्या मागोमाग गेला. स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत तो पाहिला. गळ्याभोवतीच्या डागाला वैद्यकात आजही त्याचे नाव आहे. इटलीच्या उत्तर भागात तर तो पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता. अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची साथ आल्यासारखी वाटली, तेव्हा अनेक डॉक्टरांनी तो संसर्गजन्यच ठरवला. १९१४ मध्ये सरकारने तपासाला पाठवलेल्या जोसेफ गोल्डबर्गरने अनाथालये, तुरुंग आणि वेड्यांची इस्पितळे पाहिली आणि त्याच्या ध्यानात आले की रोगी आजारी पडतात, पण त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी पडत नाहीत. दोघांच्या पानांत फरक होता. त्याने पुढे एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन दक्षिण कॅरोलिनातल्या गिरणीवस्त्यांचा अभ्यास केला आणि घरची मिळकत घटते तसा पेलाग्रा वाढतो, हे आकड्यांनी दाखवले. शेवटी १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेमने निकोटिनिक आम्ल, म्हणजे नियासिन, देऊन कुत्र्यांतला, पेलाग्राचाच प्रकार असलेला, काळ्या जिभेचा विकार बरा केला आणि कोडे सुटले. या सगळ्या इतिहासातून वैद्यकाने एक समीकरण पक्के केले: पेलाग्रा म्हणजे मका.

दख्खनने ते समीकरण मोडले. इथले मजूर मका नव्हे, ज्वारी खात होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. जॉन लो यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये दख्खनमधल्या पेलाग्राबद्दल लिहिले. हे लो निजामाच्या राज्यात, निजामाबादजवळच्या डिचपल्लीच्या कुष्ठरुग्णालयात काम केलेले. इथल्या पेलाग्राकडे लक्ष जावे ते कुष्ठरोगाच्या डॉक्टरचे, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यावा असे वाटत नाही. हातापायांवर डाग उठलेल्या माणसाला त्या काळी गाव कुठे पाठवणार होते? कातडीचा रंग बदलला की पहिला संशय महारोगाचा, आणि महारोगाबरोबर पापाचा. ज्याच्या ताटात डाळ नाही अशा माणसाला वेशीबाहेरचा रस्ता दाखवला गेला असेल, तर त्याच्या रोगावर समाजाने केलेला हा दुसरा अन्याय ठरतो.

खरा उलगडा हैदराबादला झाला. कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादेत हलली, आणि तिथल्या डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘ल्युसीन आणि पेलाग्रा’ या विषयावर निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा. ज्वारीत नियासिन किंवा ट्रिप्टोफॅन इतके कमी नाही की केवळ त्यावरून रोगाचा उलगडा व्हावा. पण ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसीन नावाचे अमिनो आम्ल मक्याप्रमाणेच फार आहे, आणि हे जादा ल्युसीन शरीराच्या नियासिन बनवण्याच्या आणि वापरण्याच्या कामात खोडा घालते. पुढे भवानी बेळवाडी आणि गोपालन यांनी कुत्र्यांना ज्वारीच्या आहारावर ठेवून त्यांच्यात काळ्या जिभेचा विकार उत्पन्न करून दाखवला. कमला कृष्णस्वामी यांच्या कामातून ब-६ जीवनसत्त्वाचा आणि आयसोल्युसीन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा संबंधही पुढे आला. ज्या साली ‘लॅन्सेट’मधला तो निबंध छापला गेला त्याच साली महाराष्ट्र राज्य झाले. हैदराबाद संस्थानाचे तुकडे १९५६ मध्येच तीन राज्यांत वाटले गेले होते. ज्वारीच्या ताटावरचे मूलभूत संशोधन हैदराबादला राहिले आणि त्या ताटाचा मराठी भाग मुंबईच्या कारभाराखाली आला. हिंगोली-परभणीच्या सामाजिक इतिहासात मुक्तिसंग्राम, दुष्काळ, अनुशेष हे सगळे सापडते, पण पेलाग्राचे नाव क्वचित दिसते, त्यामागे ही फाळणीही असावी असे माझे मत आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या, मुळात सावळ्या माणसाच्या पायावरचा काळेपणा रोगाचा कशावरून? तो ऊन-धुळीचाच असेल. हा आक्षेप खरे तर पेलाग्रा का दिसला नाही याचे उत्तर आहे. मजुराचा पाय काळाच असतो, भेगाळलेलाच असतो, असे एकदा गृहीत धरले की त्यावर उमटलेली नवी खूण कोणी पाहतच नाही. त्यात अनवाणी चालण्याचा इतिहास मिसळा. कित्येक गावांत दलितांना सवर्णांच्या वस्तीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. बाकीच्या गरिबालाही पायताण ही सणासुदीची किंवा लांबच्या वाटेची चैन होती. पेलाग्राचा डाग उन्हाच्या जागी उठतो, म्हणजे ज्याच्या पायात वहाण नाही त्याचे सगळे पाऊल उघडे. ताटातला तुटवडा आणि पायातला तुटवडा असे दोन्ही एकाच कातडीवर भेटत होते. पण रापणे आणि पेलाग्रा यांतला भेद तपासून ठरवता येतो. रापलेली कातडी गुळगुळीत असते, तिचा रंग हळूहळू उतरत जातो. पेलाग्राची कातडी रेखीव कडेची, खरखरीत आणि सोलणारी असते, सोबत जीभ आणि पोट बिघडलेले असते. आणि शेवटची कसोटी म्हणजे नियासिन दिले की जीभ काही दिवसांत निवळते आणि कातडी काही आठवड्यांत. उन्हाचा रंग कुठल्या जीवनसत्त्वाने उतरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्वारी तर सगळेच खात होते. पाटलाच्या वाड्यात भाकरीच होती, वाण्याच्या घरी भाकरीच होती. मग रोग मजुरालाच का? याचे उत्तर शेतातच आहे. मराठवाड्यात ज्वारी एकटी पेरण्याची रीत नव्हती. ज्वारीच्या तासांत तुरीचे पाटे असत, मूग आणि उडीद असत, बांधाकडेने अंबाडी असे, कुठे जवस, कारळ, तीळ असत. भाकरीबरोबर तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी, ताक, पुढच्या काळात भुईमुगाचे कूट, असे ज्याचे ताट होते त्याला पेलाग्रा होण्याचे कारण नव्हते. भुईमूग तर नियासिनचा मोठा साठाच आहे. खानदेशात ज्वारीत उडीद मिसळून कळण्याची भाकरी करतात, तीही याच शहाणपणाची. म्हणजे शेताला औषध ठाऊक होते. प्रश्न वाटणीचा होता. शेतातली तूर मालकाच्या कणगीत जाई किंवा बाजारात; सालगड्याच्या आणि रोजंदारीवाल्याच्या पदरात पडे ती ज्वारी. पाडव्याला साल ठरायचे ते काही पायल्या ज्वारी, थोडी रोकड आणि एखादे धोतर-कांबळे यांवर. सुगी ओसरल्यावर, उन्हाळ्यात, जी मजुरी मिळे ती कित्येकदा पेवातल्या जुन्या, वास लागलेल्या, काळपट ज्वारीची. तिच्या भाकरीला तोंडी लावायला मिरचीचा ठेचा आणि मीठ. भाकर तीच, पण पाटलाचे जेवण आणि गड्याचे जेवण ही दोन वेगळी अन्ने होती.

सिडनस्ट्रिकरने गिरणीवस्त्यांत जे पाहिले तेच इथे शेतात होते. तिथेही मक्याचे पीठ मालकाच्या घरी होतेच, पण त्याच्या टेबलावर दूध आणि मांसही होते. तिथला कामगार मळ्यांच्या कापसावर चालणाऱ्या गिरणीत होता, इथला मजूर कापूस पिकवणाऱ्या काळ्या जमिनीत. हिंगोली ही निजामाच्या काळात कापसाची नावाजलेली पेठ होती. नगदी पीक आणि एकसुरी ताट यांची जोडी जगात अनेक ठिकाणी दिसली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत तर तिची मोजदादच झाली.

आता गोपालन यांच्या सिद्धान्ताबद्दल. पुढच्या दशकांत परदेशी संशोधकांनी माणसांवर केलेल्या काही प्रयोगांत ल्युसीनचा तसा परिणाम दिसला नाही, आणि ल्युसीन हाच दोषी असे आज ठामपणे म्हटले जात नाही. मग माझा सगळा युक्तिवाद ढासळतो का? मला तसे वाटत नाही. ल्युसीन कितपत जबाबदार हा जीवरसायनाचा वाद आहे. ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला आणि ताट बदलल्यावर तो गेला, ही निरीक्षणे त्या वादावर अवलंबून नाहीत. उलट एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि ती माझ्या मांडणीला थोडी अडचणीची आहे. गरिबी एवढेच कारण असते तर तांदूळ खाणाऱ्या गरिबांतही हाच रोग दिसायला हवा होता. तो फारसा दिसला नाही. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी झाला, तो निराळ्या जीवनसत्त्वाचा अभाव. तेव्हा धान्य निर्दोष आहे असे म्हणणेही भाबडेपणाचे. दारिद्र्याने माणूस आजारी पडणार हे ठरते; कोणत्या आजाराने पडणार ते बरेचसे धान्य ठरवते. मेक्सिकोतल्या लोकांनी मका चुन्याच्या पाण्यात शिजवायची रीत काढली, तिच्यामुळे मक्यात जखडलेले नियासिन मोकळे झाले. मका युरोपात गेला तेव्हा ती रीत मागेच राहिली. ज्वारीच्या बाबतीत अशी रीत म्हणजे कडधान्याची सोबत, आणि ती रीत इथल्या लोकांना परकी नव्हती, फक्त सगळ्यांच्या आवाक्यात नव्हती.

हा रोग मागे पडला तो कुठल्या मोहिमेने नव्हे. मलेरिया किंवा देवीसारखी पेलाग्राविरुद्ध महाराष्ट्रात मोहीम निघाली नाही. ताट बदलले आणि त्याच्या मागोमाग कातडी बदलली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने रेशनवरची लाल अमेरिकी मिलो खाल्ली, खडी फोडताना सुकडी खाल्ली. मिलो हीही ज्वारीचीच जात, आणि तिची चव ज्यांनी घेतली त्या पिढीने तिला कधी माफ केले नाही. पण त्याच दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि मजुरी पायल्यांऐवजी हळूहळू रुपयांत आली. माझ्या मते हा बदल ताटाच्या इतिहासात सर्वांत मोठा आहे. हातात रोकड आली की मजूर डाळ, तेल, चहातले दूध, पोरांसाठी शेंगदाणे विकत घेऊ शकतो. धान्य हातात आले तर तो तेच धान्य खातो. रेशनच्या गव्हा-तांदळाने एकाच धान्यावरचे अवलंबन मोडले. शिवाय दवाखाने वाढले, ब जीवनसत्त्वांच्या गोळ्या स्वस्त झाल्या आणि पायात रबरी चपला आल्या. याला कोणी पोषणक्रांती म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. गव्हा-तांदळाच्या ताटाने मधुमेहासारखे नवे प्रश्न आणले, हे खरेच आहे. पण पेलाग्राचा ऋतू त्याने संपवला.

दरम्यान ज्वारीच शेतातून हटली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ झाले, तिथून पुढे ‘परभणी मोती’सारखे रब्बीचे वाण निघाले. तरीही नव्वदच्या दशकापासून खरिपाची जमीन सोयाबीनने घेतली, आणि हिंगोली जिल्ह्याचे नाव आता हळदीसाठी घेतले जाते. गंमत म्हणजे सोयाबीन हे प्रथिनांनी भरलेले द्विदल पीक, पण ते पिकवणाऱ्याच्या ताटात फारसे येत नाही. ते तेलगिरणीला जाते आणि त्याची पेंड कोंबड्यांना.

२०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले आणि ज्वारीला पुन्हा मान आला. शहरात ज्वारीची भाकर गव्हाच्या पोळीहून महाग झाली, हुरड्याच्या सहली निघाल्या. जुने ते सोने असे म्हणणाऱ्यांना हा लेख खटकेल. ते म्हणतील, आमचे पूर्वज ज्वारीवर जगले, काटक होते, शंभरी गाठत होते. त्यांतले जे काटक होते ते वरण, ताक आणि शेंगदाण्यासकट ज्वारी खात होते. ज्यांना ते मिळत नव्हते त्यांची आठवण लिहून ठेवायला कोणी नव्हते, त्यांच्या कातडीची नोंद केली ती डिचपल्लीच्या आणि हैदराबादच्या डॉक्टरांनी. ज्वारीत तंतू आहेत, लोह आहे, तिला पाणी कमी लागते, तिच्या कडब्याने जनावरे जगतात; कोरडवाहू मराठवाड्याने ती पुन्हा पेरावी असेच मी म्हणेन. मात्र तिचा इतिहास हुरड्यावर सुरू करून हुरड्यावरच संपवू नये.

आणि हा रोग सर्वस्वी गेलेला नाही. आज तो भेटतो तो बहुधा दारूच्या आहारी जाऊन जेवण सोडलेल्या माणसात, किंवा क्षयाच्या आयसोनियाझिड या औषधावर असलेल्या, आधीच खंगलेल्या रुग्णात; हे औषध शरीरातल्या ब-६ च्या कामात आडवे येते आणि त्यामुळे नियासिन बनणे मंदावते. अशा माणसाच्या दोन्ही पावलांवर सारखा, रेखीव कडेचा, सोलणारा काळा डाग दिसला तर तो उन्हाचा म्हणून किंवा नायटा म्हणून मलमावर सोपवू नये. गावच्या आशाताईंनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याला जीभ दाखवायला सांगावे आणि तो काय जेवतो ते विचारावे. आणि ज्वारीच्या प्रचाराची जी पुस्तिका सरकार छापते, तिच्यात भाकरीच्या चित्राशेजारी तुरीच्या वरणाची वाटीही छापावी.